एरियलची दोरी

त्र्याहत्तर सालची गोष्ट. खर्ड्याच्या पोस्टातले तारबाबू कानिफनाथ तसे शहाणे, पण रेडिओचं वेड लागल्यावर शहाणपण कुठं टिकतंय? सरकारी परवाना काढून, स्वतः जुळवलेल्या यंत्रावर ते देशोदेशीच्या हौशी मंडळींशी बोलायचे. त्यासाठी एरियल म्हणून तांब्याची लांब तार उंच टांगावी लागे. त्या दिवशी गावाबाहेरच्या लिंबाच्या बनात त्यांनी दगड बांधलेली दोरी गोफणीनं फांदीवरून टाकली. दोरी दोन हात कमी पडली.

त्या लिंबाला बायकांनी नवसाच्या दोऱ्या बांधलेल्या. मूल झालं की जिची तिनंच सोडायची, असा रिवाज. बाबूंनी त्यातली एक जुनी, विटकी दोरी सोडली आणि आपल्या दोरीला जोडून टाकली. घरी बायकोला, मनकर्णेला, आठवा महिना लागलेला, आधीची दोन पोटातच गेलेली. तरी या गृहस्थाला काही वाटलं नाही.

तार वर चढली, दोरी बुंध्याला बांधली. दिवेलागणीला तारेच्या दुसऱ्या टोकाशी यंत्र मांडून त्यांनी कानाला हेडफोन लावले, तर आवाज वाढायचा, विरायचा... वाढायचा, विरायचा. त्यांनी वर पाहिलं. वारा अगदी पडलेला, पान हलत नव्हतं. तार मात्र ताणली जात होती आणि सैल पडत होती.

"भीमाच," बाबू पुटपुटले. रानाची राखण करणाऱ्या भीमाचा तांब्याच्या तारेवर डोळा आहे, हा संशय त्यांना कधीचाच होता. चोर पकडायचाच म्हणून ते दबकत बुंध्यापाशी गेले. तिथं कुणीच नव्हतं.

"बाबू, कुनाला हुडकताय?"

भीमा मागून, गावाच्या वाटेनं येत होता. दोरीवर नजर पडताच तो जागीच थबकला.

"ही कुठली जोडली?"

"झाडाचीच. का रे?"

"रंगुबाईची हाय ती..." भीमाचा आवाज खाली गेला. "बाळंतपनात गेली. लेकरू बी गेलं. मंग सोडनार कोन? ऱ्हायली तशीच." तो वर बघतच राहिला. "पाळन्याची दोरी अशीच वढत्यात, बाबू..."

चाकूनं तेवढा तुकडा कापून, मुठीत धरून बाबूंनी घर गाठलं.

मनकर्णा उंबऱ्याशी पोट धरून बसलेली.

"अहो, सांजेपासून आत कुणी झोके देतंय असं वाटत होतं. लई बरं वाटत होतं... मघाशी एकदम थांबलं. आता बाळ हलतच नाही."

बाबू धावत तिच्यापाशी वाकले. तेवढ्यात मुठीतली दोरी कुणीतरी हळूच ओढली.

"हललं," मनकर्णा म्हणाली.