दोन लाम्ब्रोस

पाणचक्कीच्या छपराखाली दोघंही एकदमच धावत शिरली. ऑगस्टमधला पाऊस… आमच्या डोंगरात तो न सांगताच येतो. लाम्ब्रोसच्या खांद्यावर मक्याचं पोतं होतं, आणि आसिमिनाच्या वेणीतून पाणी निथळत होतं. तिनं डोक्याचा रुमाल काढून पिळला आणि त्याच्याकडे न बघताच विचारलं, “तुमच्यातला कुठला लाम्ब्रोस तू?”

“चांगला तो.”

“अस्सं? मग आज घरी कसा नाही राहिलास? पावसात तर दुसऱ्याला पाठवतात.”

“पाठवतच होते… पण मी भांडून आलो.”

“का?”

“ते आत्ता कळलं,” तो म्हणाला, आणि ती पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हसली.

आमच्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, आणि आजोबाला दोन मुलगे असले की घोटाळा झालाच म्हणून समजा. हा थोरला लाम्ब्रोस. धाकटा त्याचा चुलतभाऊ, स्ताव्रूला काकूचा एकुलता एक. नाव तेच, आडनाव तेच. थोरल्याचे आईबाप तो लहान असतानाच गेले, तेव्हा काकूनंच दोघांना एका ताटात जेवू घालून वाढवलं. जेवायला हाक मारली की दोघंही ओ देत, आणि काम सांगितलं की दोघंही बहिरे होत.

पाऊस थांबला तरी ती दोघं छपराखालून हलली नाहीत. त्या दिवसापासून काकूच्या घरातलं पीठ भराभर संपायला लागलं. तिला काय ते समजलं, आणि सप्टेंबरात अंगठ्या झाल्या. लग्न ईस्टरनंतर ठरलं.

ऑक्टोबर संपता संपता देवळाची घंटा अवेळी वाजली. इटलीची फौज ग्रीसची सरहद्द ओलांडून आत आली होती. दोन्ही लाम्ब्रोस एकाच तुकडीत निघाले. आसिमिनानं घाईघाईत विणलेला स्वेटर थोरल्याच्या अंगात चढवला, तर एक बाही चांगली वीतभर लांब.

“हा कुणाच्या मापाचा?” त्यानं विचारलं.

“तुझ्याच. लांब हात माझ्याकडे करायचा… आखडता बाकी सगळ्यांकडे.”

इटलीच्या फौजेला मागे रेटत आमची माणसं अल्बानियात शिरली, आणि तिथल्या डोंगरांत बर्फ लवकर पडला. गोठलेल्या जमिनीत तंबूच्या खुंट्या शिरेनात, म्हणून तंबूचं कापड अंगावर ओढूनच माणसं झोपत. पाव कुऱ्हाडीनं फोडावा लागे. अंगावर उवा आणि खिशात चार मनुका, एवढीच शिल्लक. ज्याच्या पायाची बोटं काळी पडत त्याला खेचरावर घालून खाली नेत, आणि तो बहुधा एक पाय तिथंच ठेवून घरी जाई. समोरून तोफा चालत त्या वेगळ्याच. थंडीनं मारलेली माणसं आम्ही जास्त पुरली, हे लढाईच्या गोष्टी सांगणारे सहसा सांगत नाहीत.

थोरला पहाऱ्यावर उभा राहिला की मनानं पाणचक्कीच्या छपराखाली जाई. तिच्या वेणीतलं पाणी, रुमाल पिळणारी ती बोटं… त्याला ती इतकी हवीशी वाटे की छातीत दुखायचं. धाकटा त्याला छळायचा. ती काय म्हणाली, मग तू काय म्हणालास, हे पुन्हा पुन्हा सांगायला लावायचा.

“तुला पाठ झालंय सगळं,” थोरला एकदा वैतागला.

“असू दे रे. माझी कुणी नाही ना… तुझीच गोष्ट ऐकून ऊब येते.”

जानेवारीत धाकटा तापानं फणफणला. थोरल्यानं अंगातला स्वेटर काढून त्याला घातला, लांब बाही त्याच्या बोटांवर ओढली, आणि खेचरावर बांधून त्याला खाली रवाना केलं. पुढच्या रसदीबरोबर निरोप आला की धाकटा लष्करी दवाखान्यातच वारला. थोरल्याला त्या दिवशी रडायलाही मिळालं नाही, कारण सकाळपासून मारा चालू होता.

मग आमच्याच गावचा खेचरवाला थानासिस दारूगोळा घेऊन वर आला. सुपाच्या रांगेत थोरल्याला पाहून त्याच्या हातातला लगाम सुटला. त्यानं घाईनं छातीवर क्रूस काढला.

“तुझ्या नावाचे गहू खाऊन आलोय रे मी,” तो म्हणाला. “देवळात. साखर घालून उकडलेले, मेलेल्या माणसाच्या नावानं वाटतात ते.”

झालं असं होतं. धाकट्याशेजारच्या खाटेवर पलीकडच्या गावचा एक जण होता. तो कुबड्यांवर घरी परतताना आमच्या गावात थांबला आणि म्हणाला, तुमचा लाम्ब्रोस गेला, तो एक बाही लांब असलेल्या स्वेटरवाला. सरकारी कागद काही आला नव्हता, पण आसिमिनाला आणखी काही ऐकायची गरज उरली नाही. ती तेव्हापासून काळ्या कपड्यांत होती आणि दिवसभर काकूपाशी बसून असे. काकू स्वतः थोरल्यासाठी रडे आणि वर तिला धीर देई, की माझा धाकटा येईल, तो तुला भाऊ होईल.

थोरला बर्फातच खाली बसला. तो जिवंत आहे एवढं गावात कळलं, की त्याच क्षणी काकूचा मुलगा मरणार होता. ते तिनं रस्त्यात एखाद्या खेचरवाल्याकडून ऐकायचं? पण आसिमिना काळ्या कपड्यांत… तेही त्याला सोसवेना.

“फक्त तिला सांग,” तो शेवटी म्हणाला. “एकटीला. काकूला मी स्वतः सांगणार.”

“आणि तू आलाच नाहीस तर?”

“तर मग तूच सांग. दोघांचंही.”

थानासिसच्या पोटात कधी काही राहिलेलं गावानं पाहिलं नव्हतं. ही एक गोष्ट मात्र राहिली.

ईस्टरच्या दिवशी, म्हणजे त्या सणावरूनच नाव पडलेल्या दोन्ही लाम्ब्रोसांच्या नामदिनीच, आमच्या सैन्यानं हत्यारं खाली ठेवली. इटलीच्या मदतीला जर्मन पाठीमागून आले होते. घरी जा म्हणाले, आणि माणसं पायी निघाली. थोरला पायांना चिंध्या गुंडाळून गावच्या झऱ्यापाशी पोचला, तेव्हा काकू आणि आसिमिना लोकर धूत होत्या.

काकूनं दुरून हाक मारली, “लाम्ब्रोस!”

त्यानं ओ दिली.

ती धावत आली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघत राहिली, आणि मग त्याच्या खांद्यावरून मागच्या वाटेकडे बघू लागली. वाट रिकामी होती.

“तो जानेवारीतच गेला, काकू. तापानं. मी त्याला स्वेटर घातला होता…”

काकूनं त्याचा चेहरा सोडला. मग ती आसिमिनाकडे वळली. आसिमिना जागची हलली नव्हती, दचकली नव्हती.

“तुला ठाऊक होतं.”

“हो, काकू.”

“मग रोज माझ्याजवळ बसून रडत होतीस, ते कुणासाठी गं?”

“धाकट्यासाठी,” आसिमिना म्हणाली. “त्याच्यासाठी कुणीच रडत नव्हतं.”

काकूनं तिला छातीशी धरलं. मग ओली लोकर तशीच दगडावर टाकून, मुलाच्या नावानं हाका मारत ती घराकडे गेली. तो आक्रोश आम्ही सगळ्यांनी ऐकला.

झऱ्यापाशी दोघंच उरली. ती त्याच्या पायांच्या चिंध्यांकडे बघत होती.

“आणि माझ्यासाठी?” त्यानं हळूच विचारलं. “माझ्यासाठी काय केलंस?”

“तुझ्यासाठी हसत होते,” ती म्हणाली, आणि आता तिचे डोळे भरून वाहू लागले. “पण घरात कसं हसणार… रोज लाकडं आणायच्या निमित्तानं रानात जात होते.”