ऐकीव प्रेम

सिंगापुरात मरीन परेडच्या बसस्टॉपवर तो कानात वायर खुपसून घोकत होता, "बाबा... काका... मामा..." शेजारी उभ्या उल्काला हसू आवरेना.

"सगळं खानदान बोलावताय का?"

तो दचकला. "बल्गेरियन शिकतोय. पण मराठीच वाटतंय."

"काका म्हणजे तिकडे ताई. बाबा म्हणजे आजी. मामा म्हणजे आई."

"म्हणजे त्यांनी बाप्यांना लुगडी नेसवली?"

"त्यांच्याकडून बघा. आपणच बायांना धोतरं नेसवली."

सारंग बोटीवरचा इंजिनिअर. कंपनी त्याला वर्षभरासाठी वारनाला, काळ्या समुद्राकाठच्या बल्गेरियन बंदरात धाडत होती. उल्काच्या वडिलांची नोकरी पूर्वी तिथलीच, त्यामुळे तिची सगळी शाळा वारनात झालेली. मग काय, आयती मास्तरीण! हॉकर सेंटरात, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, कॉफीचे पेले रिकामे होऊ लागले, 'तुम्ही'चं 'तू' झालं. शिकवणी म्हणायची आपली.

"ही अक्षरं रशियाची ना?" सारंगने विचारलं.

"तिथे असं बोललास तर उपाशी निजशील. ती बल्गेरियातून रशियाला गेली, हे तिथलं शेंबडं पोरही सांगतं."

एकदा ती म्हणाली, "ऐकीव गोष्ट सांगायची तर क्रियापदच बदलायचं. आपण 'म्हणे' लावतो ना, तसं. 'तो आला' हे डोळ्यांनी पाहिलेलं. 'तो आला म्हणे' हे शेजारणीने सांगितलेलं."

"गावगप्पांचंही व्याकरण आहे म्हणायचं."

पोरगा हुशार, पण नको तिथे मुका. जायचा दिवस तोंडावर आला तरी मनातलं ओठांवर येईना. आणि उल्का आधी बोलणारी नव्हे. तिच्या घरात बायका मागणी घालत नाहीत, घालायला लावतात.

शेवटच्या संध्याकाळी दोघं ईस्ट कोस्टच्या वाळूत बसले. भुरभुर पाऊस... समोर नांगरलेल्या बोटींचे दिवे लागत होते. सारंग खाकरला. पुन्हा खाकरला.

"उल्का... ओबिचाल सम ते."

तिला हसूच फुटलं. "काय बोललास कळलं का? 'माझं तुझ्यावर प्रेम आहे म्हणे.'"

तो कानापर्यंत लाल झाला.

"प्रेम तुझं, आणि तुलाच शेजारणीकडून कळलं?"

"रूप चुकलं गं..."

"मग दुरुस्त कर."

"लाज वाटते."

"वाटू दे. हे मी शिकवणार नाही."

तो वळला. चष्म्यावर थेंब, तरी नजर सरळ तिच्यावर.

"ओबिचाम ते," तो हळूच म्हणाला. "ऐकलेलं नाही... माझंच आहे."

उल्काने त्याचा चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि पुन्हा त्याच्या नाकावर ठेवला. तिची बोटं तिथेच जराशी रेंगाळली.

"डिसेंबरात येते वारनाला," ती म्हणाली. "पण आई मला एकटीला धाडायची नाही. विमान दुपारचं ना? सकाळी बिशानला आमच्या घरी ये आणि तिच्याशी बोल. नीट बोल. मी निदान दुरुस्त करायला सांगते. ती दारच लावून घेते."