कडेची खरवड

दरीतल्या चीज सोसायटीचे अध्यक्ष झाकारी जेवता जेवता ताटावर कलंडले, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. इस्पितळातून निरोप आला: पोटात गुंगीचं औषध गेलंय. कोणतं, ते तासाभरात कळलं तर ठीक. नाहीतर हृदय आधीच कमकुवत आहे.

खासगी गुप्तहेर अपोलिन दार्बेले शेजारच्याच गावची. ती लगेच आली. मागोमाग धापा टाकत तिचा सहकारी गास्पो.

जेवायला चौघे होते आणि चीज एकच. चाकासारख्या गोल चीजचा अर्धा भाग विस्तवाला धरायचा, वितळेल तसं चीज बटाट्यावर खरवडायचं. या खरवडण्यावरूनच त्याला रक्लेट म्हणतात. ते नाव एकट्या या दरीचं की कुणीही वापरावं, याची सुनावणी दुसऱ्या दिवशी होती.

"खरवडायची सुरी म्हाताऱ्या कांदीदच्या हातात होती," गास्पो म्हणाला. "द्या पोलिसांत."

"पोलीस औषधाचं नाव सांगणार आहेत का?"

तिने एकेकाला विचारायला घेतलं. पहिला रेनफर, सपाटीवरचा चीज-कारखानदार आणि कोर्टातला प्रतिपक्ष. तडजोडीसाठी आला होता. झाकारींनी नऊ वाढी खाल्ल्या, हे त्याने मोजलं होतं. शेवटी सालीजवळची जळकी कडही त्यांनी खाल्ली. ती फेकायची असते, अशी रेनफरची समजूत होती.

मग कांदीद. गाल सुजलेला. ती कड पिढ्यान्‌पिढ्या खरवडणाऱ्याचा मान. पण सकाळीच दाढ काढलेली, म्हणून त्याने ऐनवेळी ती अध्यक्षांना दिली. साल एका बाजूला ओली होती. त्याला वाटलं, मिठाच्या पाण्याने पुसली असेल. उद्या कोर्टात तो खरं तेच सांगणार होता: त्याचे आजोबा याला नुसतं 'भाजलेलं चीज' म्हणत, रक्लेट हे नाव मागाहून आलं. हे त्याने बोलून दाखवल्यापासून सोसायटीने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. चीज मात्र त्यानेच खरवडायचं.

शेवटी ल्यूदिवीन, सोसायटीची चिटणीस. तळघरातून चीज तिनेच आणलं. कड खाऊ नका, तुम्हाला पथ्य आहे, असं अध्यक्षांना आपण बजावलं होतं, हे तिने दोनदा सांगितलं.

पावणेतीन वाजले. अपोलिनने तिघांनाही विस्तवापाशी बोलावलं.

"चीज सगळ्यांनी खाल्लं, कड एकानेच. म्हणजे औषध सालीला होतं. कड कुणी खातं हेच रेनफरसाहेबांना ठाऊक नव्हतं. कांदीदना अध्यक्षांना निजवायचं असतं, तर साल ओली होती हे ते आपणहून कशाला सांगतील?"

"मग अध्यक्षांवर डूख कुणाचा?" गास्पोने विचारलं.

"कुणाचाच नाही. कड कांदीदच खाणार, हे इथलं माणूस डोळे मिटून सांगेल. दाढेची बातमी तेवढी औषध लावणाऱ्यापर्यंत पोचली नव्हती." ती वळली. "ल्यूदिवीन, नऊ वाढी होईपर्यंत पथ्य आठवलं नाही. दहाव्या घासाला कसं आठवलं?"



"आईचे झोपेचे थेंब," ल्यूदिवीन म्हणाली. "कांदीदकाका उद्या दुपारपर्यंत झोपले असते, एवढंच हवं होतं." तिने थेंबांचं नाव सांगितलं. तोवर गास्पोने फोन उचलला होता.

झाकारी वाचले. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आले, तेव्हा उशाशी कांदीद होता. आदल्या दिवशी कोर्टात खरं बोलून आलेला; रक्लेट हे नाव आता कुणालाही वापरता येणार होतं.

"नाव मिळालं आपल्याला?" झाकारींनी विचारलं.

कांदीदने त्यांचं पांघरूण सारखं केलं. "मिळालं," तो म्हणाला. "झोपा आता."