मागच्या बाकावरची विद्यार्थिनी

फाल्गुनातले ऊन सोलापुरात वैशाखाची वाट पाहत नाही. अशाच एका तळपत्या सकाळी विद्यापीठाच्या कन्नड वर्गात बुद्धप्रिया मागच्या बाकावर येऊन बसली. विभागांची फेररचना करून अध्यापकांच्या जागा नव्याने ठरवायच्या होत्या. त्या पाहणीचे दायित्व आस्थापना विभागाने तिच्यावर सोपवले होते.

“उशिरा आलात, आता तुम्हीच वाचा!” तरुण अध्यापक आदिनाथने पुस्तक तिच्यापुढे धरले.

“मला... कन्नड येत नाही.”

“आणि एम.ए.ला बसलात?”

“सर, त्या हापिसातल्या मॅडम हायत की!” पुढच्या बाकावरून संस्कृती ओरडली. वर्ग खळाळून हसला. आदिनाथ कानशिलांपर्यंत लाल झाला.

“क्षमा असावी. पण आलाच आहात, तर मुळाक्षरे तरी गिरवून जा.”

पाहणी एका दिवसाची होती; ती मात्र येतच राहिली. खडूने माखलेली त्याची बोटे फळ्यावर वाटोळी अक्षरे रेखू लागली, की तिची दृष्टी अक्षरांवर ठरत नसे.

“माझी जागा इथे राहणार का, मॅडम?”

“आधी माझा धडा तपासा, सर.”

ती हसून बोले; परंतु अंतःकरणाला स्वस्थता नव्हती. वर्गातली बहुतेक मुले अक्कलकोटकडून, पहाटेची एसटी धरून येत. विभाग तिकडच्या उपकेंद्रात नेणे हेच न्याय्य होते. आणि तो गेला, तर...? लेखणी उचलावी, ठेवावी, खिडकीशी जावे, परतावे. अखेर तिने न्याय्य तेच लिहिले. आणि आदेश निघण्यापूर्वी स्वतःच त्याला गाठले.

“तुम्हांला तिकडे पाठवण्याची शिफारस... मीच केली.”

कडुनिंबाचे एक पिवळे पान त्याच्या खांद्यावर उतरले. तिचा हात उचलला गेला — आणि अर्ध्यावर थांबला.

“दिवाळीपासून मीही हेच मागायच्या विचारात होतो,” तो हळूच म्हणाला. “मुलांचे हाल बघवत नव्हते. पण अलीकडे अर्ज करवेना.”

“का?”

“तिकडच्या वर्गात मागचे बाक रिकामे राहील — म्हणून.”



“शनिवारी वर्ग भरवाल का, सर? मी एसटीने येईन.”

“एकाच विद्यार्थिनीसाठी? आस्थापना हरकत घेईल.”

“नाही घेणार.” तिने ते पान अलगद टिपले. मग त्यानेच शिकवलेल्या कन्नडात निरोप दिला, “होगि बन्नि” — जाऊन या.

“उच्चार चुकला. पुन्हा म्हणा.”

उच्चार मुळीच चुकला नव्हता. तरीही ती पुन्हा म्हणाली.