सातवा बल्ब

"थांबा! पाय खाली ठेवू नका!"

मी एका पायावर उभी राहिले. भर दुपारी आमच्या नव्या हॉलमध्ये गुडूप अंधार होता. खिडक्यांना काळे पडदे लावलेले, आणि त्या अंधारातून एक अनोळखी, घाबरलेला आवाज.

"कावून?" मी विचारलं.

"उघडी वायर हाय तिथं. करंट चालू हाय."

टॉर्च लागला. कुठेतरी खटका पडला. "आता ठेवा, ताई."

हातात पक्कड, केसांत चुना, आणि कपाळावर माझ्यापेक्षा जास्त घाम!

"ताई म्हणणार असाल तर नाही ठेवत," मी म्हणाले. असं का बोलले, देव जाणे. पण तो हसला… आणि मी पाय ठेवायचाच विसरले.

नव्व्याण्णव सालची गोष्ट. माझे वडील, चन्नप्पा, म्हणजे आमचे अप्पा, गेवराईत बियाणांचे व्यापारी. पुण्याला पाहुण्यांकडे होम थिएटर बघून आले आणि हट्टालाच पेटले. रिमोटचं एक बटण दाबायचं – दिवे एकेक करून मालवले पाहिजेत, टीव्हीपुढचा पडदा सरकला पाहिजे, टीव्ही लागला पाहिजे, पाच स्पीकर घुमले पाहिजेत. पुण्याचा कारागीर गेवराईपर्यंत यायला तयार होईना. मग वडवणीचा सिद्धाराम मिळाला. टीव्ही दुरुस्त करायचा, पण हात असा की अप्पाही बघत बसायचे. मोडक्या वॉशिंग मशिनचा टायमर त्याने पत्र्याच्या डब्यात बसवला आणि पडदा ओढायला जीपच्या वायपरची मोटर लावली.

चहा घेऊन मीच जायचे, हे काय सांगायला हवं?

"मध्येच लाइट गेली तर?"

"डबा जिथल्या तिथं थांबतो. लाइट आली की तिथून पुढं चालू. काईच इसरत न्हाई."

"माणसांपेक्षा बरा म्हणायचा."

"मी बी इसरत न्हाई," तो डब्यात डोकं घालून म्हणाला, "कोन एका पायावर उभं व्हतं ते."

त्या दिवशी चहात साखर घालायची राहिली होती. त्याने तसाच पिऊन टाकला.

आईचं मात्र एका गोष्टीवरून बिनसलं होतं. हॉलच्या भिंतीतल्या देवळीत देवाचा छोटा बल्ब होता, सहा मोठ्या दिव्यांसोबत तोही डब्याला जोडला होता. "तिन्हीसांजेला घरात अंधार नको," ती म्हणायची. अप्पा हसायचे, "सिनेमा काय उजेडात बघतेत का?"

आणि मग कळलं, रविवारी लातूरहून मुलाकडचे मला बघायला येणार. संगमेश्वर, कापडाचं मोठं दुकान. अप्पांनी मनातून होकार देऊनही टाकला होता. मला कुणी विचारलं नव्हतं.

पाहुणे चारला यायचे, पण मांजरसुंब्याला जीप पंक्चर झाली आणि यायला साडेसहा वाजले. ते अंगणात हातपाय धूत होते तेवढ्यात मी चहाचा कप घेऊन टीव्हीच्या पडद्यामागे गेले. सिद्धाराम टीव्हीशेजारी डबा धरून उभा होता.

"पोहे झाले की अप्पा बटण दाबणार," मी कुजबुजले. "बरोबर दिवेलागणीला सगळा अंधार होईल. मुलाची आई, वच्छलाबाई, शकुन फार मानते म्हणे. स्थळ आपोआप मोडेल. तुम्ही फक्त गप्प राहा."

"न्हाई."

"कावून न्हाई?"

"लोक डब्याला न्हाई, तुमाला नावं ठेवतील. पोरगी बघाया गेलो अन् घरातले दिवे गेले म्हनून जिल्हाभर सांगतील." तो खाली बघत म्हणाला, "देवळीचा बल्ब मी सकाळीच येगळा काढलाय. स्कूटरच्या बॅटरीवर."

असा राग आला मला! "म्हणजे तुम्हीच माझं लग्न लावून देणार?"

"नको असंल तर तोंडानं सांगा, रोहिणी. दिव्यावर ढकलू नका."

पहिल्यांदा नाव घेतलं, तेही असं. "आणि तुम्ही? तुम्ही कधी सांगणार तोंडानं?"

त्याने पुन्हा डब्यात डोकं घातलं. चहा निवत राहिला. मी बाहेर येऊन देवळीखाली, पाहुण्यांसमोर, मान खाली घालून बसले.

अप्पांनी ऐटीत रिमोट उचलला. कट्… पहिला दिवा गेला. कट्… दुसरा. वच्छलाबाईंचा हात मंगळसूत्राकडे गेला. आईने डोळे मिटून घेतले. चौथा… पाचवा… सहावा. आणि नेमकी तेव्हाच गावाची लाइट गेली. पंखा थांबला, रस्ता काळा झाला. माझ्या डोक्यावरचा बल्ब तेवढा जळत होता.

"अगं बाई!" वच्छलाबाई म्हणाल्या. "अख्ख्या गावाची लाइट गेली, पन या घरचा दिवा न्हाई गेला. लई शुभ हाय. आमाला पोरगी पसंत हाय!"

अप्पांचा चेहरा फुलला. आत्ता नाही बोलले तर उद्या साखरपुडा…

"अप्पा, मला हे लग्न करायचं नाही."

शब्द बाहेर पडले एकदाचे.

"कावून गं?" अप्पांनी विचारलं.

उत्तर होतं माझ्याकडे. पण ते पडद्यामागे गप्प उभं होतं. माझा वाटा मी बोलले होते, त्याचा वाटा मी बोलणार नव्हते. डोळे भरून आले.

तेवढ्यात लाइट आली. डबा काही विसरला नव्हता. घर्रर्र… वायपरची मोटर फिरली, पडदा सरकला, आणि मागे सिद्धाराम! एक पाय उचललेला. पुढे यायला की पळायला, हे मी त्याला आजही विचारते.

"हे कोन?" वच्छलाबाई म्हणाल्या.

"मिस्त्री," अप्पा पुटपुटले.

मी त्याच्याकडे पाहिलं. "ठेवा आता पाय."

त्याने ठेवला. पुढे ठेवला.

"अप्पा, मला रोहिणी पसंत हाय. आन् तिला मी. तुमीच इचारा तिला."

मी मान वर केली आणि हो म्हणाले. त्याच क्षणी टीव्ही लागला, पाच स्पीकर एकदम घुमले, घर हादरलं. अप्पा रिमोट दाबत सुटले. संगमेश्वर पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाला, "आवाज भारी हाय!" वच्छलाबाईंनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि जीपमध्ये नेऊन बसवलं.

"पडदा लाव! आधी पडदा लाव!" अप्पा ओरडले.

आई उठली. देवळीला हात जोडले. मग टीव्हीचं बटण बंद करून शांतपणे म्हणाली, "राहू द्या उघडा. घरातला दिवा ज्यानं राखला, त्याला पडद्याआड कावून ठेवता?"

अप्पा रिमोट मांडीवर ठेवून बसून राहिले. नाही म्हणाले नाहीत. पोह्यांची एक बशी उरली होती. ती मी उचलली आणि सगळ्यांच्या देखत सिद्धारामच्या हातात दिली.