हळू चालणाऱ्यांची बाजू

पडद्यावर मिठागराच्या चिखलातून पहिला मेलेला माणूस उठून उभा राहिला, तेव्हा सभागृहातली सगळी माणसं श्वास रोखून बसली होती... आणि नेमकं तेव्हाच ऋताच्या मागच्या खुर्चीवरून कुणीतरी अगदी हळूच म्हणालं,

"शाब्बास... आता डावा पाय. घाई नको."

ऋताला हसू आवरेना. तिने ओढणीचा बोळा तोंडावर धरला, तरी खुर्ची करकरलीच. पुढच्या रांगेतून नलिनीताईंनी मागे वळून डोळे वटारले. ऋताने मान खाली घातली, आणि मग राहवेना म्हणून हळूच मागे पाहिलं. पडद्याच्या करड्या उजेडात एक चष्मा चमकला. चष्म्यामागचा तरुण इतका ओशाळला होता की पडद्यावरचा मेलेला त्याच्यापेक्षा ताजातवाना दिसत होता.

पार्ल्यातल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातल्या एका रविवारी सकाळी हे भयपट मंडळ भरायचं. नलिनीताई मंडळाच्या चिटणीस. बँकेतून निवृत्त झालेल्या, नऊवारी नेसणाऱ्या आईची मुलगी, घरात सोवळ्याचा नैवेद्य. पण पडद्यावर रक्त कमी पडलं की त्यांचा दिवस वाया जायचा. मंडळाचा एकच नियम होता आणि तो त्यांनीच केलेला : सिनेमा संपल्यावर प्रत्येकाने उभं राहून आपलं मत द्यायचं. मत नाही, तर चहा नाही.

त्या दिवशी हर्षद नावाच्या जुन्या सभासदाने मत दिलं, "जुन्या सिनेमात मेलेले का उठले ते कुणी सांगत नाही, तेच बरं. हल्ली प्रत्येक सिनेमात एक विषाणू, एक प्रयोगशाळा आणि एक रडणारा शास्त्रज्ञ! आमच्या सोसायटीत पाणी का जातं ते कुणी सांगतं का? जातं. तसे हे उठतात."

टाळ्या पडल्या. मग तो चष्मेवाला उठला. "श्रेयस," त्याने नाव सांगितलं. "मला... हळू चालणारे आवडतात." आणि बसला.

"एवढंच?" नलिनीताई म्हणाल्या. "अर्धा कप!"

चहाच्या टेबलापाशी ऋताने त्याला गाठलं.

"तुम्ही त्या प्रेताला चालायला शिकवत होता?"

"सवय हो," तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "मी फिजिओथेरपिस्ट आहे, घाटकोपरला. दिवसभर हेच बोलत असतो. कुणी धडपडत उभं राहिलं की तोंडून आपोआप निघतं."

"तो उठून माणसं खाणार होता."

"ते पुढचं झालं. पहिलं पाऊल छानच टाकलं ना पण?"

ऋता खळखळून हसली. त्याचा अर्धा कप संपलेला पाहून तिने आपल्या कपातला थोडा चहा त्याच्या कपात ओतला, आणि आपण हे का केलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

"आणि तुम्ही काय करता?" त्याने विचारलं.

"मी घुरघुरते."

"...हौसेने?"

"पैसे घेऊन! अंधेरीला डबिंग स्टुडिओत. परदेशी सिनेमे हिंदीत येतात ना, त्यातल्या गर्दीतल्या झॉम्बींचे आवाज आम्ही चार-पाच जण मिळून काढतो."

"ऐकवा ना."

ऋताने इकडेतिकडे पाहिलं, मान किंचित तिरकी केली आणि घशातून असा काही खोल, ओला आवाज काढला की बाजूला उभ्या असलेल्या हर्षदच्या हातातला चिवडा उधळला. श्रेयस मात्र घाबरला नाही. तो तिच्याकडे नुसता पाहत राहिला, एखादं सुरेल गाणं ऐकावं तसा.

पुढच्या महिन्याच्या रविवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. सिनेमा संपला की दोघं चालत निघायची. तिला चटचट चालायची सवय, त्याला रमतगमत. ती चार पावलं पुढे जायची, मग थांबून वैतागायची.

"अरे, चल ना! तू तर खरंच जुन्या सिनेमातला आहेस."

"आणि तू नव्यातली. सिग्नल सुटायच्या आधी धावतेस."

"धावणारे प्रामाणिक असतात. भूक लागली की धावतात, मनात काही ठेवत नाहीत. तुझ्या त्या हळूबाईंपासून माझी आई भाजी निवडत निवडत पळून जाईल."

"अगं, पण हळू चालणाऱ्याकडे बघायला वेळ मिळतो," तो म्हणायचा. "अंगावर पोस्टमनचा शर्ट असतो. एकीच्या केसात अजून गजरा असतो. हा कोण होता, कुठे निघाला होता, असं मनात येतं. धावणारे काय... सगळे सारखेच. नुसते दात."

"माझे दात कसे आहेत?"

"...बरे आहेत."

"नुसते बरे?"

मग तो चष्मा काढून उगाचच पुसत बसायचा. ऋताला ते फार आवडायचं. रात्री स्टुडिओतून निघताना ती त्याला नव्या सिनेमाबद्दल मुद्दाम काहीतरी वाकडं लिहून पाठवायची. तो सावकाश, दोन तासांनी, शुद्धलेखन तपासून उत्तर पाठवायचा. त्या दोन तासांत ती दहा वेळा फोन बघायची. आपण याच्या प्रेमात पडलो आहोत हे तिला कळून चुकलं होतं. त्याचं काय, ते मात्र कळत नव्हतं. घरचा विषय निघाला की तो "बाबा असतात घरी, मुलुंडला" एवढंच बोलायचा आणि पुन्हा मिठागरातल्या मेलेल्यांकडे वळायचा.

थंडी पडली तेव्हा मंडळाचा वार्षिक वाद आला. विषय ठरलेलाच : जुने हळू चालणारे की नवे धावणारे? नव्यांच्या बाजूने ऋता, जुन्यांच्या बाजूने श्रेयस. आदल्या दिवशी तिने मनाशी ठरवून टाकलं होतं... उद्या जिंकायचं, आणि जिंकल्याच्या जोरावर त्याला सगळं सांगून टाकायचं. म्हणून तिने तयारीही जोरात केली होती.

"हळू चालणारे भीतिदायक?" ती व्यासपीठावर म्हणाली. "बघा हं!" तिने उजवा हात छातीशी आखडून घेतला, बोटं वाकडी केली, मान एका अंगाला कलवली आणि एक पाय फरफटत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. "याला भ्यायचं? अहो, हा माझ्यापर्यंत पोचेस्तोवर माझं लग्न होऊन मुलं शाळेत जातील! असं जगण्यापेक्षा मेलेलंच बरं!"

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. नलिनीताईंनी डोळे पुसले. ऋताने विजयी नजरेने श्रेयसकडे पाहिलं... तो हसत नव्हता. सगळ्यांत तो एकटाच हसत नव्हता.

त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उभा राहिला, चष्मा नीट केला.

"मला काही म्हणायचं नाही," तो म्हणाला.

"श्रेयस, मत नाही तर चहा नाही हं!" कुणीतरी ओरडलं. तो मान हलवून जिना उतरून गेला.

ऋताने त्याला संध्याकाळपर्यंत फोन केले. शेवटी त्याने उचलला.

"रागावलास? अरे, वाद होता. गंमत होती रे!"

"रागावलो नाहीये," तो म्हणाला. "माझ्या बाबांना अर्धांगवायू झालाय. दोन वर्षं झाली. तू आज जशी चाललीस ना... तसेच चालतात ते. हातसुद्धा तसाच."

ऋताने आपल्याच उजव्या हाताकडे पाहिलं.

"तुला माहीत नव्हतं. मी कधी सांगितलंच नाही," तो पुढे म्हणाला. "माझं लग्न ठरलं होतं पूर्वी. ती मुलगी घरी आली, बाबा आतून चालत बाहेर आले... ती काही बोलली नाही. पण तिचा चेहरा बाबांनी पाहिला. नंतर आठवडाभर ते खोलीतून बाहेर आले नाहीत. ऋता, मी तुला घरी न्यायचं ठरवत होतो. फार दिवसांपासून ठरवत होतो. आता... मला धीर होत नाही."

फोन ठेवल्यावर ऋता अंधारात बसून राहिली. 'असं जगण्यापेक्षा मेलेलंच बरं' हे आपलंच वाक्य तिला पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं, त्यामागच्या हशासकट. लिहून माफी मागावी म्हणून तिने चार ओळी लिहिल्या, खोडल्या. ज्याची नक्कल केली त्या माणसासमोर जाऊन उभं राहिल्याशिवाय ही माफी पुरी होणार नाही, हे तिला आतून कळत होतं. आणि त्यांनी दाराबाहेर काढलं, तर श्रेयसशीही सगळं संपलं, हेही कळत होतं.

पुढच्या शनिवारी दुपारी नलिनीताईंकडून पत्ता घेऊन ती मुलुंडला गेली. तिसऱ्या मजल्यावर बेल दाबली. आत काहीतरी हललं. मग आवाज आला... काठीची टकटक, थोडी शांतता, पाऊल, आणि पुन्हा काठी. बंद दारामागून जवळ जवळ येणारी ही पावलं तिने किती सिनेमांत ऐकली होती, त्यांच्यावर घुरघुरही चढवली होती! आज मात्र प्रत्येक पावलामागे एका माणसाला किती कष्ट पडताहेत ते तिला दाराबाहेर उभं राहून मोजता येत होतं. पळून जावंसं वाटलं. ती जागची हलली नाही.

दार उघडलं. पांढरे, नीट विंचरलेले केस, इस्त्रीचा सदरा, छातीशी आखडलेला उजवा हात. श्रेयसच्या बाबांनी, नंदकुमारांनी, तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"काका, मी ऋता..."

"तू ती..." शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "घुरघुरणारी?"

म्हणजे त्याने घरी सांगितलं होतं! ऋताचे डोळे भरून आले. ती आत आली, आणि बसायच्या आधी, उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. व्यासपीठ, नक्कल, हशा, ते वाक्य... काहीही न लपवता. "मी फार वाईट वागले, काका," ती शेवटी म्हणाली. "तुमच्यासमोर उभं राहायचीसुद्धा लायकी नाही माझी."

नंदकुमार खुर्चीत टेकले. चेहऱ्याची एक बाजू स्थिर, दुसऱ्या बाजूचा डोळा मात्र विलक्षण जिवंत.

"माका दाखव," ते आपल्या मालवणीत म्हणाले.

"काय?"

"ती नक्कल. कर बघू."

"नको ना काका... प्लीज."

"कर गो!"

त्यांच्या आवाजात मस्करीही नव्हती, रागही नव्हता. ऋताने हात छातीशी घेतला, मान कलवली आणि गालांवरून पाणी वाहत असताना त्या छोट्याशा हॉलमध्ये पाय फरफटत दोन-चार पावलं टाकली. नंदकुमार परीक्षकासारखे टक लावून पाहत होते.

"हात बरो," ते म्हणाले. "पाय चुकलो."

"...अं?"

"ओढूचो नाय. भायरसून... फिरवूचो." काठी टेकत ते उठले. "बघ."

ते चालले. पाय बाहेरून अर्धगोल फिरवून पुढे टाकायचा, भार पेलायचा, मग दुसरा. ऋता त्यांच्या शेजारी तसंच करू लागली, आणि तिसऱ्या पावलाला तोल जाऊन सोफ्यावर आदळली. तसं चालणं किती अवघड असतं! नंदकुमार हसू लागले. अर्ध्याच चेहऱ्याने, पण पोटभर. रडता रडता तीही हसू लागली.

त्याच वेळी दुधाच्या पिशव्या घेऊन श्रेयस दारात उभा राहिला. ऋता सोफ्यावर पडलेली, बाबा काठीने तिच्या पायाकडे बोट दाखवताहेत.

"बाबा... काय चाललंय हे?"

"शिकवतंय हिका," नंदकुमार म्हणाले. "तुझ्यापेक्षा... बेगीन शिकता."

श्रेयसने पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि तिथेच पाठमोरा उभा राहिला. ऋता स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. त्याचे खांदे हलत होते. ती दाराला टेकून उभी राहिली. पहिल्यांदाच तिने त्याला हवा तेवढा वेळ दिला.

"माझ्या मित्रांसमोरसुद्धा ते चालत नाहीत गं," तो म्हणाला. "आणि हसणं तर..."

संध्याकाळी तिघं खाली सोसायटीच्या बागेत गेली. फेरी घालायला नंदकुमार तयार होत नव्हते; ऋता म्हणाली, "काका, मला सराव नको का?" तेव्हा उठले. काठी टेकत ते पुढे, मागे ही दोघं. एवढ्या संथपणे ऋता आयुष्यात चालली नव्हती. एका खिडकीत कुणीतरी कढीपत्त्याच्या डहाळ्या वाळत टाकल्या होत्या. कुठेतरी तबला शिकणाऱ्या मुलीचा ठेका चुकत होता, सुधारत होता, पुन्हा चुकत होता. आणि शेजारी चालणाऱ्या श्रेयसच्या सदऱ्याला साबणाचा साधा, स्वच्छ वास होता. इतके महिने ती चार पावलं पुढेच असायची. हा वास तिला कधी आलाच नव्हता.

"श्रेयस, मला तुला त्या दिवशी एक सांगायचं होतं. वाद जिंकल्यावर."

"काय?"

"जिंकण्याची गरज नव्हती म्हणा त्याला..." ती अडखळली. भलभलते आवाज काढणारा तिचा गळा साध्या चार शब्दांना बिचकत होता. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. आहे म्हणजे... आहेच."

तो थांबला. चष्मा काढला, पण पुसला नाही. तसाच हातात धरून राहिला.

"मला वाटलं होतं, हे आधी मी म्हणेन."

"मग म्हण ना."

"आहे," तो म्हणाला. "पार्ल्याला तू तुझा चहा माझ्या कपात ओतलास, तेव्हापासून." आणि त्याने तिचा हात हातात घेतला. त्याचा हात गार होता, पकड मात्र पक्की.

दोघं तिथेच उभी राहिली. बागेतले दिवे लागले. समोरच्या वळणावर नंदकुमार थांबले, काठीवर रेलून सावकाश मागे वळले आणि मोठ्याने हाक मारली,

"अरे, मागे कित्याक रवलात? चला!"