मोकळ्या जागेला वळसा

डोंगरकडा गावची आशा आरोग्यसेविका म्हणून ज्योतीने आजवर कितीतरी म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत विजेरीचा झोत सोडला होता. नवऱ्याच्या डोळ्यांतही तिने तो तसाच सोडला. रत्नपालच्या बाहुल्या तत्काळ आकसल्या.

"काहीच दिसून न्हाई राहिलं, ज्योती," तो म्हणत होता. बाहुल्यांची साक्ष वेगळी होती.

मग तिने त्याच्या वाटेत पाण्याची घागर ठेवली. तो बाजेवरून उठला, हात पुढे करून चाचपडत चालू लागला आणि घागरीपाशी येताच तिला सहज वळसा घालून पुढे गेला.

"काहून वळलात?"

"वळलो? म्या तर सरळच आलो."

ज्योतीने घागर उचलून परत जागेवर ठेवली. दोन महिन्यांपूर्वी कळमनुरीच्या रस्त्यावर त्याची प्रवासी जीप शेळ्यांच्या कळपाला अशाच सफाईने वळसा घालून गेली होती, आणि कळपामागून चालणाऱ्या सखुबाईला चिरडून थांबली होती. एकाएकी अंधार झाला, कुणीच दिसले नाही, तेव्हापासून काहीच दिसत नाही, हे रत्नपालचे म्हणणे. मग शेळ्या कशा वाचल्या, हे गावाचे.

त्याच संध्याकाळी सखुबाईचा मुलगा उकंडराव दारात आला. त्याने आवाज चढवला नाही.

"ताई, तुमी खोटं बोलत न्हाई, समद्या गावाला ठाऊक हाय. त्याला दिसत व्हतं का? तुमी सांगाल ते मी उद्या पोलिसात लिहून देतो. न्हाई म्हनलात, तर नशीब समजून गप बसतो."

"दिसतं," ज्योती म्हणाली. "आजबी दिसतं. सोंग हाय समदं."

बाजेवरच्या रत्नपालने ते ऐकले. तो भिंतीकडे तोंड करून निजला.

चार दिवसांनी हिंगोलीच्या डॉक्टरांनी त्याच्या मेंदूचे चित्र उजेडासमोर धरले.

"डोळे शाबूत आहेत, बाई. पण डोळा नुसता उजेड आत धाडतो. पाहण्याचं काम डोक्याच्या मागच्या भागाचं. त्याचा रक्तपुरवठा तुटला, तो भाग मेला. बहुधा गाडी चालवतानाच."

"मग घागर कशी चुकवली?"

"डोळ्यांपासून मेंदूत दुसरीही एक वाट जाते. फार जुनी. तिच्यावरून खबर हातापायांपर्यंत पोचते, माणसाला मात्र कळत नाही. यांचं अंग पाहतं. यांना दिसत नाही. खरं बोलतायत ते."

"बाहुल्या..."

"त्या तर उजेडाला हलणारच. तेवढ्यावर पारख करायची नसते."

परतीच्या एसटीत रत्नपालने एवढेच विचारले, "आता उकंडरावला सांगशील?"

"सांगते की."

एकच वाक्य होते. पण ते बोलायचे म्हणजे आपली विजेरी चुकली, हे गावासमोर कबूल करायचे. ज्योती आज गेली नाही, उद्या गेली नाही. आठवडा सरला. उकंडरावच्या जबाबावरून रत्नपालला कोर्टाच्या तारखेची नोटीस आली. ती वाचून दाखवतानाही तिचा आवाज हलला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने खोली झाडली. वाट स्वच्छ, मोकळी होती. रत्नपाल मोरीकडे निघाला आणि दारालगत, जिथे काहीच नव्हते, तिथे हलकेच वळसा घालून गेला. ज्योतीने ती फरशी तळव्याने चाचपली. गार होती, इतकेच. पुढच्या दिवशी तो वळसा खोलीच्या मध्यावर आला होता. त्यानंतर चुलीजवळ...

दिवस मावळता ती उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली. उकंडरावच्या शेळ्या गल्लीतून परतत होत्या. तिच्यापासून दोन हातांवर कळप दुभंगला, मोकळ्या जमिनीच्या दोन्ही अंगांनी वाहिला आणि पुढे पुन्हा एक झाला. मागून मान खाली घालून उकंडराव आला. तो त्या जागेतून सरळ चालत गेला.

"उकंडराव..."

तो थांबला. "काय ताई?"

ओठांवर आलेले वाक्य तिने गिळले. "काही न्हाई. जा तुमी."

ती आत येऊन चुलीशी उभी राहिली. रत्नपाल पाण्यासाठी आला. तिला चुकवताना तो फार लांबून गेला; तिच्या उजव्या हाताला एक माणूस उभे राहील एवढी जागा सोडून.

"एवढ्या... एवढ्या लांबून काहून गेलात?"

"सरळच आलो की."

तो पाणी प्यायला आणि परत फिरला. या खेपेला वळसा आखूड होता. ज्योती आणि ती जागा, दोन्हींना चुकवायला त्याला आता एकट्या माणसाएवढेच अंतर पुरले; जणू शेजारी उभी असलेली आता ज्योतीच्याच जागी येऊन उभी होती.